सहा मिलिमीटरचा केशरी रंग

बंदुकीशी आपली पहिली ओळख बहुधा दिवाळीतच होते. टिकल्यांची डबी, रोल, पत्र्याची ती हलकीफुलकी बंदूक आणि दिवसभर बोटांना येणारा दारूचा वास. पुढे एनसीसीत गेलेल्यांनी परेडला रायफल खांद्यावर घेतली आणि गॅदरिंगवाल्यांनी पुठ्ठ्याला काळा रंग फासून नाटकातला इन्स्पेक्टर उभा केला. संपली आपली बंदूकगिरी! बाकी सगळं कॉम्प्युटरवर. आधीच्या बॅचेसनी हॉस्टेलच्या लॅनवर रात्र रात्र काउंटर-स्ट्राइक खेळलं, आजची पोरं मेसच्या रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर खेळतात.

पण जगात एक वेगळीच जमात आहे. ती खरी वाटणारी पण खोटी रायफल घेऊन रानात जाते आणि एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडते. या खेळाला 'एअरसॉफ्ट' म्हणतात. आणि या जमातीतही एक पोटजमात आहे, जिला खेळण्यापेक्षा आपली रायफल हुबेहूब खऱ्यासारखी करण्यातच जास्त रस असतो. आजचा लेख या पोटजमातीबद्दल आहे. कारण सरळ आहे. ही मंडळी थोडीफार आपल्यासारखीच आहेत. हातात वस्तू आली की ती उघडून बघितल्याशिवाय यांनाही झोप येत नाही.

आधी थोडा इतिहास. हे वेड जपानचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सामान्य माणसाला बंदूक बाळगणं जवळजवळ अशक्य झालं. मग हौशी लोक धातूच्या प्रतिकृतींकडे वळले. त्याही इतक्या खऱ्या दिसू लागल्या की १९७१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद करणं व त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं सक्तीचं झालं. पुढे प्लॅस्टिकच्या आणि हवेच्या दाबाने ६ मिलिमीटर व्यासाची गोळी फेकणाऱ्या बंदुका आल्या. १९९१ साली टोकियो मारुई या कंपनीने फ्रेंच फॅमास रायफलच्या रूपात बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि हा खेळ जगभर गेला.

तिचं आतलं काम म्हणजे आपल्या मशीन डिझाइनच्या पेपरातला प्रश्नच. एक छोटी मोटर, तिच्यावर गिअरची माळ, गिअर पिस्टनला मागे ओढतो, स्प्रिंग दाबली जाते, दात संपले की पिस्टन सुटतो आणि सिलिंडरमधली हवा गोळीला ढकलते. नळीत रबराचा एक बारीक उंचवटा असतो, तो गोळीला उलटी फिरकी देतो आणि मॅग्नस परिणामामुळे गोळी हवेत जास्त वेळ तरंगते. व्हायवाला कोणी विचारलं तर सांगायला बरं!

ताकद किती? जपानने २००६ साली या बंदुकांसाठी जी मर्यादा घातली ती ०.९८ ज्यूल आहे. ०.२ ग्रॅमची गोळी धरून गणित करा, वेग सेकंदाला ९९ मीटरच्या आसपास येतो. खऱ्या एके-४७ च्या गोळीची ऊर्जा साधारण २००० ज्यूल. म्हणजे दोन हजारपटीचा फरक! डोळ्यांवर गॉगल असेल तर एअरसॉफ्टची गोळी म्हणजे एक चिमटा. गॉगल नसेल तर मात्र डोळा जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

आता या पोटजमातीचं कसब पाहा. प्लॅस्टिकचं बाहेरचं कवच काढून धातूचं बसवायचं. प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या जागी खऱ्या लाकडाचा दस्ता तासून, पॉलिश करून लावायचा. वजन कमी वाटतं म्हणून आत वजन भरायचं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे नवी कोरी वस्तू जुनी दाखवणं. हात जिथे लागतो तिथला रंग झिजवायचा, कडांवर चंदेरी रंगाचा अगदी कोरडा ब्रश फिरवायचा, खाचांमध्ये काळपट तेलकट छटा सोडायची. खरी रायफल कुठे झिजते हे समजल्याशिवाय खोटी झीज करता येत नाही. यात फिटिंग आहे, सुतारकाम आहे, मटेरियल सायन्स आहे आणि दांडगा संयम आहे. वर्कशॉपच्या जॉबला दोन तासांत कंटाळणाऱ्या आपण या लोकांना नावं ठेवू नयेत.

मग तक्रार काय आहे? तक्रार फक्त ६ मिलिमीटरची आहे.

अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला की खेळण्यातल्या आणि नकली बंदुकीच्या तोंडाशी भडक केशरी खूण हवी. ती एकतर नळीत बसवलेल्या केशरी बुचाची असते किंवा नळीच्या बाहेरून तोंडापासून किमान ६ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याची. रायफल 'खरी' करायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत सगळ्यात आधी हीच खूण खुपते. एवढं लाकूड, एवढी झीज, एवढं पॉलिश आणि तोंडाला हे केशरी टोपण! म्हणजे शालूला प्लॅस्टिकचं बटण. साहजिकच ती खूण रंगवून टाकायचा मोह होतो.

माझं म्हणणं असं की बाकी वाटेल ते करा, पण ती खूण घालवू नका. आणि ती घालवणं हे कसब नव्हे, उलट अभियांत्रिकीशी बेइमानी आहे.

आपल्या मेसमधलं सिलिंडर घ्या. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. आता कुणी हुशार म्हणाला, "मला शुद्ध गॅस हवा, मी हा वास काढून टाकतो," तर आपण त्याला शाबासकी देऊ का? तो वास गॅसचा दोष नाही, गॅसबद्दलची सूचना आहे. केशरी टोक तसंच आहे. ते खेळणाऱ्यासाठी नाहीच. खेळणाऱ्याला माहीत असतं की बंदूक खोटी आहे. ते आहे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. रस्त्यावरची आजी, बँकेचा वॉचमन, गस्तीवरचा हवालदार यांच्यासाठी.

माहीत नसलेल्या माणसाचं काय होतं त्याची उदाहरणं आहेत, आणि ती वाचताना पोटात गोळा येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे १३ वर्षांचा एक मुलगा एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट बंदूक घेऊन रस्त्याने चालला होता. केशरी टोक नव्हतं. पोलिसाने ती खरी समजून गोळ्या झाडल्या, मुलगा गेला. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँड शहरात १२ वर्षांचा तामीर राईस बागेत एअरसॉफ्ट पिस्तुलाशी खेळत होता. तिलाही केशरी टोक नव्हतं. फोन करणाऱ्याने "बहुधा खोटी असेल" असं सांगितलं होतं, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत गोळी सुटली. पोलिसांच्या वागण्यावर तिथे प्रचंड वाद झाला आणि तो योग्यच होता. टोक नव्हतं म्हणून गोळी झाडणाऱ्याचा दोष धुतला जात नाही. पण दोन सेकंदांत माणूस जे पाहतो त्यात ते टोक असतं तर... हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियाने नंतर कायदा कडक केला आणि १ जानेवारी २०१६ पासून तिथे एअरसॉफ्ट बंदुकांवर जास्त ठळक रंगखुणा सक्तीच्या झाल्या.

इंग्लंडने याहून पुढे जाऊन थेट मॉडिफिकेशनलाच हात घातला. २००६ च्या कायद्याने, जो १ ऑक्टोबर २००७ पासून या बाबतीत लागू झाला, नकली बंदूक बदलून ती हुबेहूब खऱ्यासारखी करणं हाच गुन्हा ठरवला. मात्र नाटक, सिनेमा, संग्रहालय आणि विमा असलेल्या रीतसर एअरसॉफ्ट मैदानांसाठी सवलत ठेवली. मला ही विभागणी पटते. हौस मारली नाही, हौसेला कुंपण घातलं.

आपल्याकडे काय? आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवाना लागतो. त्या कलमात नकली बंदुकीची व्याख्या मोठी मार्मिक आहे: जी बंदुकीसारखी दिसते ती, मग तिच्यातून काही सुटो वा न सुटो. म्हणजे कायदाही आधी दिसण्याकडे बघतो. रंगरंगोटीबद्दल ते कलम नाही हे खरं. पण २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईच्या कुठल्याही स्टेशनवर रायफलच्या आकाराची वस्तू उघडी घेऊन कोणी उभा राहिला, तर लोक आधी व्याख्या वाचतील की आधी पळतील, हे तुम्हीच सांगा.

यावर हौशी लोकांचं एक उत्तर ठरलेलं असतं. "अंधारात, घाईत ६ मिलिमीटर कोणाला दिसतं? आणि उद्या गुंडाने खऱ्या पिस्तुलालाच केशरी रंग दिला तर?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. सर्दी झालेल्याला मर्कॅप्टनचा वास येत नाही, म्हणून आपण तो काढून टाकत नाही. तो ठेवतो आणि शिवाय रेग्युलेटरही बंद करतो. खूण अपुरी आहे याचा अर्थ खूण काढा असा होत नाही, तिच्या जोडीला आणखी काळजी घ्या असा होतो. बंदूक मैदानाबाहेर बंद बॅगेतच, बॅटरी वेगळी, रस्त्यावर फोटोसेशन नाही.

उलटं उदाहरणही सांगतो. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत 'रस्ट' सिनेमाच्या सेटवर प्रॉप म्हणून दिलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव गेला. तिथे खरं हे खोटं समजलं गेलं, क्लीव्हलँडला खोटं हे खरं. दोन्हीकडे मेली ती माणसंच. खरं आणि खोटं यांच्यातली खूण पुसट झाली की काय होतं, ते यावरून समजावं.

आता थोडं घरचं. गॅदरिंगचं नाटक असतं, शॉर्टफिल्मचं वेड आहे, आणि आपल्या पोरांचे हात चांगले आहेत. उद्या कोणी लाकूड आणि पीव्हीसी पाइप घेऊन झकास रायफल बनवली तर रेक्टर सरांना माझी नम्र विनंती की ती जप्त करून कपाटात टाकू नका. पोराला विचारा, टोक केशरी आहे ना? वर्कशॉपमध्ये नोंद केलीस ना? शूटिंगला जाताना गेटवरच्या काकांना सांगितलंस ना? तीन उत्तरं बरोबर आली तर पाठीवर थाप द्या. टोक केशरी ठेवून कॅमेरा दुसऱ्या कोनात लावता येतो किंवा एडिटिंगमध्ये रंग बदलता येतो. एवढं तर आता मोबाइलवरही होतं!

आणि पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. ड्रॉइंगच्या शीटवर टॉलरन्स लिहिला नाही तर सर मार्क कापतात. कारण शीट आपल्यासाठी नसते, पुढे जो ती वाचून जॉब करणार त्याच्यासाठी असते. आपल्या हातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू अनोळखी माणसाशी काहीतरी बोलते. तिने निदान खोटं बोलू नये. ९९ टक्के खरी दिसणारी रायफल करा, कौतुक करू. उरलेला एक टक्का केशरी राहू द्या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी