बॅटरी गेली म्हणे!

माणूस गेला तरी लोक आधी नाडी बघतात, नाकाशी सूत धरतात, निदान डॉक्टर येईपर्यंत रडू आवरतात. बॅटरीच्या नशिबी तेवढेही नाही. दिवा मिणमिणला की 'बॅटरी गेली!' आणि पुढच्याच वाक्यात नवीचा भाव. बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला याची चीड येते. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आम्ही कॅशियर बदलत नाही. व्हाउचरे पुन्हा तपासतो.

हा विषय डोक्यात भिनला तो कॅरव्हॅनमुळे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आमच्या साडूंना चाकांवरच्या घराची स्वप्ने पडू लागली. शेवटी एक गाडी भाड्याने घेऊन दोन्ही कुटुंबे कोकणात निघालो. पलंग, मोरी, फ्रिज, पंखे, सगळे होते. गादी किती मऊ हे साडूंनी सात ठिकाणी दाबून पाहिले. वीज कुठून येते हे मात्र कोणी विचारले नाही.

दुसऱ्या रात्री दिवे पिवळे पडले आणि पाण्याचा पंप दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. "अहो, स्टार्टर तर झकास मारतोय, मग दिव्यांना काय झालं?" साडू म्हणाले. आता अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिनाची, दुसरी घरातल्या दिव्या-पंख्यांची. चालू खात्यात पैसे आहेत म्हणून बचत खात्यातला चेक वटत नाही, हे साडूंना माहीत आहे. तेच बॅटरीला लावायला ते तयार होत नाहीत.

सकाळी एक मेकॅनिक आला. त्याने दिव्याकडे पाहिले, बॅटरीकडे पाहिले आणि माझ्या खिशाकडे पाहिले. "ब्याटरी गेली, साहेब. नवीन टाकूया." मी माझे काहीशे रुपयांचे मल्टिमीटर काढले. रात्रभर स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. शिसे-आम्लाच्या बॅटरीला याहून चांगली तब्येत कशी असते? (लिथियमची गोष्ट वेगळी, ती शेवटच्या घटकेपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही.) पंप चालू करून पाहिले. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४, पंपाच्या तोंडाशी १०.९. हेड ऑफिसातून निघालेल्या रकमेतले दीड व्होल्ट शाखेत पोचलेच नव्हते! वायर धरून एकेक टप्पा मोजत गेलो. बॉडीला जोडलेल्या काळ्या वायरीचा नट गंजून सैल झाला होता. पॉलिश पेपरने घासला, आवळला. पंप असा काही सुरू झाला, की नळ उघडा ठेवून वाट बघणारे साडू अंघोळ करूनच बाहेर आले. मेकॅनिक म्हणाला, "तरी पण ब्याटरी बदलून घ्या."

बॅटरी खरोखर रिकामी निघाली, तरी ती मेली असे होत नाही. शंभर अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर तिच्यातले निम्मेच काढावे, म्हणजे पन्नास. बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर खातो. दिवसातून निम्मा वेळ चालला तरी चोवीस तासांत पन्नास संपले. त्यावर साडूंना इन्व्हर्टरवर दीड हजार वॅटची किटली हवी! ती बारा व्होल्टच्या बाजूने सव्वाशे अँपिअर ओढते, शिवाय इन्व्हर्टरचे कमिशन वेगळे. पाच मिनिटांत दहा-बारा अँपिअर-अवर गेले, म्हणजे एका चहाला वापरण्याजोग्या शिलकेचा पाचवा हिस्सा. इतका महाग चहा विमानतळावरही मिळत नाही. ओव्हरड्राफ्ट तुम्ही काढायचा आणि दिवाळखोर बॅटरीला म्हणायचे!

इथपर्यंत हसण्यावारी नेता येते. पुढचे नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून 'काम भागवणारे' महाभाग मी पाहिले आहेत. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. तो उडायचा थांबला की वायर तापते, तीही प्लायवुडच्या मागे, पलीकडे गॅसचा सिलिंडर, अलीकडे झोपलेली पोरे. दुसरे सद्गृहस्थ हॉटेलच्या खिडकीतून दोन तारांचे एक्स्टेंशन आणून गाडीला जोडतात. अर्थिंग? "अहो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे!" रबरी टायरवर उभी असलेली गाडी, आत कुठे वायर सोललेली, आणि ओल्या मातीत अनवाणी उभे राहून दाराच्या मुठीला हात घालणारे पोर. ईएलसीबी ट्रिप होतो तो याच्यासाठी. तर आमचे लोक तोच काढून टाकतात, वर म्हणतात, फार त्रास देत होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. 'बॅटरी बदला' म्हणणाऱ्याने आधी तीन आकडे कागदावर लिहावेत. रात्रभर स्वस्थ असताना किती व्होल्ट. इंजिन चालू असताना किती (चौदाच्या आसपास चढले नाहीत, तर दोष चार्जिंगच्या लाइनीत, आणि नवी बॅटरीही तशीच उपाशी मरणार). आणि पंप चालू असताना पंपापाशी किती. खाली सही आणि तारीख. सही नसेल तर आम्ही दहा रुपयांची स्लिपसुद्धा परत करतो.