लाऊडस्पीकरला डेसिबलचं कुलूप लावता येईल का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या एका याचिकेवर निकाल दिला. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, ही त्यातली ओळ सगळीकडे गाजली. इंजिनिअर म्हणून माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. लाऊडस्पीकरमध्येच आवाजाची मर्यादा आपोआप पाळणारी यंत्रणा बसवता येईल का, याचा सरकारने विचार करावा आणि पोलिसांनी डेसिबल मोजणारी मोबाईल अ‍ॅप वापरावीत, असंही न्यायालयाने सुचवलं होतं. म्हणजे प्रश्न थेट आपल्या धंद्यातला झाला.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी पुण्यात विसर्जनाच्या रस्त्यालगत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वर्गणी देतो आणि कॉलेजात असताना त्या ट्रकपुढे नाचलोही आहे. पण गेली तीन वर्षं आजीला विसर्जनाच्या आदल्या दिवशी मामाकडे नेऊन सोडावं लागतं. खिडक्या बंद केल्या तरी तिच्या छातीत धडधडतं, ताटं मांडणीवर वाजत राहतात. मागच्या वर्षी मी स्वयंपाकघरात दोन फोन शेजारी ठेवून मोजलं. एकावर ७८, दुसऱ्यावर ८७. खरं कोणतं?

आवाज मोजणाऱ्या मीटरला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आपला कान खालच्या सुरांना, म्हणजे बेसला, कमी संवेदनशील असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याच धर्तीवर मीटरमध्ये 'ए' नावाची चाळणी आली. ती १००० हर्ट्झचा आवाज तसाच जाऊ देते, पण १०० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा करते. गोम अशी की ही चाळणी हळू आवाजांसाठी बेतलेली आहे. आवाज खूप मोठा झाला की कानातला हा फरक बराच कमी होतो, बेसही जवळपास पूर्ण ताकदीने जाणवतो. मीटर मात्र वजाबाकी करतच राहतो.

आता आपले नियम बघा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. हे सगळे आकडे 'ए' चाळणीतून मोजायचे. समजा ट्रकवरून ६३ हर्ट्झचा ११० डेसिबलचा ठोका आला, तर मीटरवर ८४ दिसतील. 'सी' नावाची दुसरी चाळणी लावली तर तोच ठोका १०९ दाखवेल, कारण ती बेसला जवळजवळ हात लावत नाही. (सातारा-कोल्हापूरकडे या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. त्या कंपनीचा बिचारीचा यात काही दोष नाही!)

बरं, घरात घुसतो तो बेसच. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. एवढी लाट खांब, झाड, कंपाउंडची भिंत सहज वळसा घालून पुढे जाते. भिंत किंवा काचेबाबत ढोबळ हिशोब असा: वारंवारता निम्मी झाली की आवाज अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. १००० वरून ६३ हर्ट्झपर्यंत यायला चार वेळा निम्मं करावं लागतं, म्हणजे २४ डेसिबल गेले. म्हणून घरात गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसतं धप धप येतं.

मग कुलूप कुठे लावायचं? लिमिटर हे काही नवीन यंत्र नाही. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा सिग्नल ठरावीक पातळीवर दाबणारी सर्किटं प्रत्येक साऊंडवाल्याकडे असतात, स्पीकर जळू नयेत म्हणून. पण प्रत्येक बॉक्सला मर्यादा घातली तर मंडळ एकाऐवजी दहा बॉक्स आणेल. शेजारी शेजारी ठेवलेले बेसचे बॉक्स एका तालात ढकलतात, त्यामुळे बॉक्स दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. बॉक्सच्या आतल्या सर्किटला शेजारी किती भावंडं आहेत हे कळत नाही, आणि गल्ली अरुंद आहे की समोर मैदान आहे हेही कळत नाही.

त्यामुळे माझ्या मते लिमिटर बाहेरच्या माइकवर चालायला हवा. ब्रिटनमधल्या बऱ्याच लग्नाच्या हॉलमध्ये असा माइक असतो. आवाज मर्यादेबाहेर गेला की लाल दिवा लागतो आणि तो काही सेकंद तसाच राहिला की स्टेजची वीजच जाते. हॉलला हे जमतं, कारण तो जागचा हलत नाही. फिरत्या ट्रकसाठी माइक, सील केलेला लिमिटर आणि दर मिनिटाची नोंद ठेवणारा छोटा लॉगर लागेल. हार्डवेअर महाग नाही. अवघड आहे ते सील तुटलं की नाही हे बघणारा माणूस उभा करणं. ढोल-ताशाला तर प्लगच नसतो, तिथे हा उपाय संपला.

पण 'ए' चाळणी तशीच ठेवून लिमिटर बसवला तर साऊंडवाला टॉप कमी करून बेस वाढवेल. आकडा नियमात बसेल, आजीची ताटं वाजतच राहतील. फ्रान्सने २०१७ च्या नियमांत संगीताच्या कार्यक्रमांसाठी दोन मर्यादा एकत्र घातल्या: १५ मिनिटांच्या सरासरीत 'ए' ने १०२ आणि 'सी' ने ११८. या मर्यादा श्रोत्यांच्या कानासाठी आहेत, शेजाऱ्यांच्या झोपेसाठी नाहीत, म्हणून आकडे उचलण्यासारखे नाहीत. दोन चाळण्यांची पद्धत मात्र उचलावी.

राहिली मोबाईल अ‍ॅप. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला. काही फोन खालचे सूर आधीच कापतात, काही मोठा आवाज स्वतःहून दाबतात. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने आपलं मीटर अ‍ॅप फक्त आयफोनसाठी काढलं, कारण अँड्रॉइडमध्ये इतके वेगवेगळे माइक आहेत की एकच कॅलिब्रेशन सगळ्यांना लागू पडत नाही. माझ्या दोन फोनमधला ९ डेसिबलचा फरक त्यातूनच आला असावा. पोलिसांनी अ‍ॅपवरून गाडी पाठवायची की नाही हे ठरवावं, पण केस उभी करायला कॅलिब्रेट केलेला मीटरच लागेल. नाहीतर समोरचा वकील दुसरा फोन काढून दाखवेल.

तुम्ही यंदा मोजणार असाल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'सी' आहे का बघा. एकाच जागेवरून, एकाच फोनने 'ए' आणि 'सी' दोन्ही आकडे घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा. फोनचा आकडा चुकीचा असू शकतो. तरी दोन्हींत १५-२० डेसिबलचं अंतर दिसलं, तर तुमच्या घरात येतोय तो मुख्यतः बेस आहे.