चंद्याचा रुमाल फिरण्याआधी

जुम्म्याच्या नमाजनंतर होणारी एक घोषणा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुणाच्या तरी वालिदांना अकोल्याला किंवा नागपूरला हलवले आहे, ऑपरेशन आहे, मदत करा. रुमाल फिरतो. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोडही फिरतो. मदत करणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. पण कधी कधी त्या आजारी माणसाचा मुलगा दुबईत किंवा रियाधमध्ये कमावत असतो. त्याच्या खिशात कंपनीने दिलेले आरोग्य विम्याचे कार्ड असते आणि मंगरूळपीरच्या घरी मात्र एकाचाही विमा नसतो. प्रश्न इथे आहे.

ऐपत असूनही आईवडिलांचा विमा न काढणे आणि वेळ आली की चंद्यावर विसंबणे म्हणजे गावातल्या खऱ्या गरजूच्या वाट्यात हात घालणे, असे माझे स्पष्ट मत आहे. जकातीचा साधा नियम आठवा. आपली जकात आपल्याच आईवडिलांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ आपल्यावर आधीच बंधनकारक आहे. मग त्यांच्या उपचाराचा भार दुसऱ्यांच्या जकातीवर का टाकायचा?

आधी खिशातल्या कार्डाबद्दल. दुबईने 2013 च्या कायद्याने मालकाला कामगाराचा आरोग्य विमा काढणे बंधनकारक केले. 1 जानेवारी 2025 पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या सगळ्याच अमिरातींत खासगी नोकरीसाठी ही अट लागू आहे. सौदी अरेबियातही विम्याची जबाबदारी मालकावर आहे. सोय चांगली आहे, पण हे कार्ड नोकरीला बांधलेले आहे. नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला, की कार्डही गेले. गावी राहणारे आईवडील तर त्यात कधी नव्हतेच. पंधरा वर्षे आखातात काढून पंचेचाळिशीत, शुगर घेऊन परतलेला माणूस इथल्या विमा कंपनीसाठी अगदी नवा ग्राहक असतो.

दहावी न झालेल्या आणि म्हणून पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असलेल्या कामगारांसाठी सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375 रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये. एजंट कागदांच्या गठ्ठ्यात ही पॉलिसी घालून देतो आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो. विमानात बसण्याआधी तिची प्रत घरी ठेवा आणि नॉमिनीचे नाव नीट तपासा.

आता घरचे. पहिले काम फुकटचे आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. 2023 मध्ये राज्य सरकारने ही योजना पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्या कार्डधारकांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला. 70 वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नसलेले वय वंदना कार्ड आहे. मात्र योजनेत ठरलेलेच आजार आणि ठरलेलीच रुग्णालये असतात. म्हणून अकोला, अमरावती, नागपूर इथली कोणती रुग्णालये यादीत आहेत, ते अब्बा ठणठणीत असतानाच पाहून ठेवा.

दुसरे काम पैशाचे आहे. परदेशात राहूनही तुम्ही इथे स्वतःची आणि आईवडिलांची पॉलिसी घेऊ शकता. त्यासाठी परतण्याची वाट पाहू नका. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते आणि हे घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवशी सुरू होते. तुम्ही तिकडे नोकरी करत असताना ती तीन वर्षे इकडे संपून जातात. 65 नंतर नवी पॉलिसी नाही, ही जुनी मर्यादा एप्रिल 2024 पासून राहिलेली नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे.

पॉलिसी निवडताना नुसता हप्ता पाहू नका, खोलीभाड्याची मर्यादा पाहा. समजा, 5 लाखांच्या पॉलिसीत रोजच्या खोलीला 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा आहे आणि तुम्ही 10,000 ची खोली घेतली. तर नुसते भाडेच नव्हे, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. शक्यतो अशी मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. आणि बीपी, शुगर लपवू नका. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सांगणारा एजंट क्लेमच्या दिवशी तुमच्यासोबत उभा नसेल.

राहिला प्रश्न हलाल-हरामचा. तो टाळून चालणार नाही. 1985 मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि सहकारी विम्याचा पर्याय जायज मानला. सौदीचा आरोग्य विम्याचा कायदा सहकारी नावानेच आला. भारतात असा तकाफुल बाजारात नाही. ज्यांचे मन व्यापारी विम्याला तयार होत नाही, त्यांचा मी आदर करतो. पण सरकारी योजनेचे कार्ड तर त्यांनी काढावेच. शिवाय चार भावंडांनी दर महिन्याला पैसे टाकून घरचा उपचार निधी उभा करावा. मदीनेच्या करारातही प्रत्येक टोळीने दियतीचा भार मिळून उचलण्याची तरतूद होती. मला पटत नाही ती सोयीची दीनदारी. तिकडे बायकोच्या बाळंतपणाला कंपनीचे कार्ड चालते आणि इकडे अम्मीच्या पॉलिसीचा विषय निघाला की ‘आपल्यात विमा चालत नाही’. काहीच न करणे हा तवक्कुल नव्हे.

आपल्यापैकी जे शिकले, संगणकावर काम करतात, त्यांना आणखी एक काम आहे. पुढच्या सुट्टीत गावी याल तेव्हा एक रविवार द्या. मोहल्ल्यात लॅपटॉप घेऊन बसा. कुणाचे आधार आणि रेशनकार्डातले नाव जुळत नसेल, कुणाचे आयुष्मान कार्ड अडकले असेल, त्यांची यादी करा आणि एकेक काम मार्गी लावा. सुरुवात शेजारच्या घरापासून करा, जिथे कमावता मुलगा दुबईतही नाही आणि पुण्यातही नाही. चंद्याच्या रुमालावर खरा हक्क त्या घराचा आहे.