साध्या शयनयानाचा कैवार

संपादक महाशयांस,


रात्रीच्या लांब प्रवासास खासगी बसच सोयीची, हे गतांकातील पत्रलेखकाचे प्रतिपादन मला मान्य नाही. पौडहून एस.टी.ने पुणे स्थानक गाठून नागपूरकडे जाणाऱ्या सामान्य उतारूंना, साध्या शयनयान डब्यात रात्री दहा ते सकाळी सहा आडवे होण्याचा जो हक्क नियमाने बहाल केला आहे, आणि मधली फळी साखळीला अडकवताच वृद्धांस पाठ टेकण्याची, अपरात्री शौचास जाण्याची जी मुभा मिळते, त्यांची भरपाई कोणत्याही बसने होत नाही. असे असता वातानुकूलित डब्यांसाठी साधी शयनयाने घटविणे हा गरिबांवर उघड अन्याय होय. रेल्वे खात्याने ही घट तूर्त तरी तहकूब करावी.

आपला,
एक उतारू
पौड, ता. मुळशी, जि. पुणे