अजगराचा मुलूख

माळव्यातील मराठी घरांना अजगर ठाऊक असतो तो बहुधा महाभारतातून. अगस्तींच्या शापाने सर्प झालेला नहुष वनात भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराच्या उत्तरांनी दोघेही मुक्त होतात, ही वनपर्वातील कथा. ‘अज’ म्हणजे बकरा, त्यास गिळणारा तो अजगर, अशी फोड आम्ही वर्गात करून दाखविली की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “सर, आपल्याकडे असतो का?”

असतो. सिंधूच्या खोऱ्यापासून नेपाळपर्यंत आणि दक्षिणेस श्रीलंकेपर्यंत भारतीय अजगराचा संचार आहे. ईशान्य भारतापासून थेट व्हिएतनाम व दक्षिण चीनपर्यंत त्याचा ब्रह्मी भाऊबंद आढळतो. २००९ पासून ती स्वतंत्र जाती मानली जाते. तिसरा जाळीदार नक्षीचा, सहा मीटरांहूनही लांब वाढणारा; तो आपल्या देशात निकोबार बेटांवर भेटतो. आपला अजगर सामान्यतः तीन मीटरांच्या आसपासचा.

एवढा मोठा मुलूख, पण स्वतःचे घर नाही! अजगरास बीळ खोदता येत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तो साळिंदराच्या (इकडची ‘सेही’) बिळांत राहतो आणि हिवाळ्यात बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडतो. पाणी, झाडोरा आणि आयता आडोसा एवढीच त्याची मागणी. धार-देवासच्या पठारावरील काळ्या मातीची उघडी, नांगरलेली शेते ती पुरवीत नाहीत. मांडूखालचा विंध्याचा उतार, बागलीकडील जंगल, खिवनी अभयारण्य, नर्मदाकाठचे नाले ही मात्र त्यास मानवणारी भूमी. बांधावरची झुडपे तोडून, बिळे बुजवून आपण चार सऱ्या वाढवितो, तेव्हा उंदरांवर जगणाऱ्या या बिनविषारी शेजाऱ्यालाच हुसकावतो.

त्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तरीही अजगराची पिले घोणस समजून ठेचली जातात. उलट घोणशीला अजगराचे पिलू समजून हात लावणे प्राणावर बेतते. घोणशीच्या पाठीवर गडद काठाचे लांबट ठिपके साखळीसारखे तीन ओळींत असतात आणि ती कुकरच्या शिटीसारखा फुत्कार टाकते. अजगराचे डाग मोठे व वेडेवाकडे. ओळख पटत नसेल तर दुरूनच वनखात्यास कळवावे. दंश झालाच तर तडक जिल्हा रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथे मिळते, मांत्रिकाकडे नव्हे.