डाग दातांवर, दोष पाण्यात

दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे जाणे समाजाला समजते; दात दुखत नसताना केवळ त्यांवरील पिवळ्या-तपकिरी डागांसाठी जाणे मात्र चैनीत गणले जाते. हा समज तपासून पाहिला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरला १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांत हसताना तोंडावर हात धरणारी तरुण मुलेमुलीही असतात. कोणाची नोकरीची मुलाखत जवळ आलेली असते, कोणाच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात.

उपाय आज हाताशी आहे. पूर्वी दातात चांदी भरीत. ती लपत नसे. ब्युओनोकोर या संशोधकाने १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटविण्याची रीत दाखविली आणि पुढे दाताच्याच रंगाचे कंपोझिट प्रचारात आले. डागावर त्याचा थर देऊन निळ्या प्रकाशाने तो कठीण केला, की दात उजळ दिसतो. मात्र हा थर कायमचा नव्हे. चहा-तंबाखूने तो रंग धरतो, कडा झिजतात आणि काही वर्षांनी पुन्हा खर्च येतो.

डागांची कारणे अनेक असली, तरी नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या परिसरात आणि यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत मोठे कारण पाणी हेच आहे. मूल साधारण आठ वर्षांचे होईपर्यंत दातांचे एनॅमल हिरडीखाली घडत असते. त्या काळात पोटात जादा फ्लोराइड गेले, की डाग जन्माचे होतात. भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणीच नसेल तर १.५. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींनी गावे तगविली हे खरे. पण खोल खडकातील पाण्यात फ्लोराइड अधिक असण्याचा संभव असतो आणि ते उकळूनही जात नाही.

म्हणजे हातपंपाचे पाणी फुकट नव्हते. त्याची किंमत वीस वर्षांनी मुलगा किंवा मुलगी चुकती करते. शासकीय उपचार स्वस्त असले, तरी एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. हा खर्च पाणीपुरवठ्याच्या हिशेबात कोठेच मांडला जात नाही, म्हणूनच शुद्ध पाण्याची योजना महाग वाटते.

यावरून डाग झाकू नयेत असे ठरत नाही. पडलेला डाग शुद्ध पाण्याने जात नाही. त्या तरुणाला उपचार मिळालेच पाहिजेत. परंतु डाग ही सूचनाही असते: तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे आणि सांधे जखडतात. नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत १९७० च्या दशकातच सिद्ध केली. फ्लोरोसिस नियंत्रणाचा केंद्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. उपाय ठाऊक नाही, अशी सबब उरलेली नाही.

निदान एवढे व्हावे. डागाळलेल्या दातांच्या प्रत्येक केसपेपरवर रुग्णाचे गाव आणि बालपणी प्यालेल्या पाण्याचा स्रोत नोंदला जावा, ती नोंद पाणीपुरवठा विभागाकडे जावी आणि त्या स्रोताची तपासणी होऊन निष्कर्ष गावात लावला जावा. दात झाकला जाईल. त्याबरोबर गावचे पाणी झाकले जाऊ नये.