आकड्याचा नवा अवतार!

नांदुरा, मलकापूर, खामगाव हा कापसाचा पट्टा. कापसाच्या भावावर शेतकऱ्याचे पोट चालते आणि त्याच भावावर जुगारही चालत आला. ज्याला आपण ‘वरली मटका’ म्हणतो, त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ भावावर लागणाऱ्या पैजांत आहे. आता हाच आकडा मोबाईलमध्ये शिरला आहे आणि आमचा शिकलेला तरुण त्याला ‘ट्रेडिंग’ म्हणतो!

‘स्प्रेड बेटिंग’मध्ये शेअर विकत घ्यायचाच नसतो. भाव चढेल की पडेल, एवढीच पैज. पॉइंटला १०० रुपये लावले आणि निर्देशांक २०० पॉइंट उलटा फिरला की २०,००० रुपये बुडाले. ब्रिटनमध्ये हा धंदा परवान्याखाली चालतो आणि आपले किती टक्के ग्राहक तोट्यात आहेत, हे कंपनीला जाहीर करावे लागते. अशाच स्वरूपाच्या ‘सीएफडी’ सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचे युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितले होते.

‘वकीलसाहेब, यातली चांगली कंपनी कोणती?’ असे तरुण विचारतात. उत्तर सरळ आहे. भारतात या धंद्याचा परवानाच नाही, मग चांगली कंपनी कुठून आणायची? परदेशी ॲपवर मार्जिनसाठी पैसे पाठवायला परकीय चलनाचे नियम परवानगी देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा बेकायदा कंपन्यांची सावधान-यादीच प्रसिद्ध केली आहे. देशी ‘डब्बा’ तर याहून वाईट. सौदा एक्स्चेंजवर जातच नाही, दलालाच्या वहीत राहतो. म्हणजे तुमचा तोटा हाच त्याचा नफा! १९५६ च्या रोखे करार कायद्याच्या कलम २३ नुसार अशा बेकायदा सौद्यांना दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि जिंकलात, पण दलालाने पैसे दिले नाहीत तर? करार कायदा, १८७२ चे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल असतो. त्या पैशासाठी दावा चालत नाही.

कायदेशीर बाजारातही डोळे उघडे हवेत. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. या लोकांपैकी पाऊण हिश्शाहून जास्त जणांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. म्हणजे बुडाला तो गरीब आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयच. ज्याच्या घरात पहिल्यांदाच चार पैसे शिल्लक पडू लागले, ज्याच्या आईने बचत गटाचे कर्ज काढले, त्याला हा तोटा एका पिढीने मागे ढकलतो.

बाजार हा आपला प्रांत नव्हे, असे मात्र कोणी समजू नये. लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले. जातीने ते दार बंद केले, ज्ञान कमी पडले नव्हते. म्हणून अर्थशास्त्र शिका, बाजार समजून घ्या, जुगार मात्र ओळखा.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जुगाऱ्याच्या शब्दाला न्यायसभेत किंमत राहत नाही, हा त्यांतलाच एक. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करून एक भाग संकटासाठी राखायला सांगितले आहे.

पैसे भरण्याआधी दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. कुणाच्या खासगी खात्यावर एक रुपयाही टाकू नका. हमखास नफ्याची हमी देणारा चोर समजा. फसलात तर लाजू नका, १९३० वर ताबडतोब फोन करा. आणि गावोगावच्या विहारांतून वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी द्या. आमच्या पोरांचा घामाचा पैसा दलालाच्या वहीत जाऊ देणे समाजाला परवडणारे नाही.

जयभीम!